एकाच होडीतले प्रतिस्पर्धी

ट्राउट माशाला आपल्या चेन्नईचा उकाडा मानवत नाही. त्याला थंड पाणी लागतं. म्हणून इंग्रजांनी तो इकडे आणला, तो नीलगिरीत सोडला. ब्रिटनमधल्या जलाशयांवर त्याच्यासाठी होड्यांचे सामने भरतात. एका होडीत दोघे, तेही बहुधा विरुद्ध संघांचे. नांगर टाकायचा नाही. होडी वाऱ्यावर आडवी वाहत जाते. दोघांनी बसूनच, आपापल्या बाजूला, पिसं-दोऱ्याची कृत्रिम माशी पुढे फेकायची. एकाच्या गळाला मासा लागला की दुसरा आपली दोरी आवरतो. नाहीतर गुंता होऊन मासा निसटायचा. फौजेत आम्ही जोडीदारावर विसंबून राहायला शिकलो. इथे विसंबायचं ते प्रतिस्पर्ध्यावर. ही शिस्त मला जास्त अवघड वाटते. होडी कलंडली तर दोघेही पाण्यात!