मागे जोडलेली गाडी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्या व्याख्यानमालेत संतसाहित्य, इतिहास आणि संगीत अशा थोर विषयांची पंगत बसली, तिच्यात मोटार ओढण्यासारख्या तेलकट विषयालाही पाट मांडून दिल्याबद्दल मी कार्यवाहांचा आभारी आहे. मी आयुष्याची चौतीस वर्षे परिवहन उपक्रमाच्या कार्यशाळेत काढली. तेव्हा मला दुसरे काही बोलता येणार नाही, हे त्यांनी ओळखले असावे. परंतु विषय वाटतो तितका परका नाही. आपल्यापैकी अनेक घरांतील मुलेबाळे आज अमेरिकेत आहेत. आपण सहा महिने त्यांच्याकडे जातो, आणि एखाद्या उन्हाळ्यात जावई किंवा चिरंजीव म्हणतात, "चला, मोटारहोम घेऊन फिरायला जाऊ." त्या प्रवासात आपण नुसते खिडकीशी बसणारे पाहुणे नसतो. काही कामे अंगावर येतात, काही आपण हौसेने अंगावर घेतो. अशाच हौसेने घेतलेल्या एका कामाची हकिगत मला आज सांगायची आहे.

मोटारहोम म्हणजे बसच्या सांगाड्यावर बांधलेले बिऱ्हाड. स्वयंपाकघर, पलंग, न्हाणीघर, पाण्याची टाकी, सांडपाण्याच्या दोन टाक्या, गॅस, सगळा संसार चाकांवर. मुलीने आणि जावईबापूंनी घेतलेली गाडी वापरलेली होती. बत्तीस फूट लांब, बारा फुटांहून उंच, पेट्रोल इंजिनाची. २०१६ च्या उन्हाळ्यात आम्ही डेन्व्हरहून निघून युटा आणि आयडाहो ह्या राज्यांतून माँटानातील ग्लेशिअर राष्ट्रीय उद्यानाकडे जाणार होतो. ह्या उद्यानातून १९३२ मध्ये पूर्ण झालेला 'गोइंग-टू-द-सन' नावाचा रस्ता लोगन खिंडीवरून पलीकडे उतरतो. खिंड ६,६४६ फुटांवर आहे. ह्या रस्त्याच्या डोंगरी भागात एकवीस फुटांहून लांब किंवा आठ फुटांहून रुंद वाहनाला मज्जाव आहे, आणि त्या आठ फुटांत आरसेही मोजले जातात. म्हणजे बिऱ्हाड घेऊन हजार मैल जायचे, आणि जे पाहायला आलो त्याच्या दाराशी थांबायचे! म्हणून तिकडचे लोक मोटारहोमच्या मागे एक लहान मोटार जोडून नेतात. मोठी गाडी तळावर उभी करायची आणि लहान गाडीने हिंडायचे.

मागची मोटार नेण्याच्या तीन रीती आहेत. ती अख्खी ट्रेलरवर चढवता येते. पुढची दोन चाके लहान दुचाकी गाड्यावर ठेवून मागची दोन रस्त्यावर फिरू देता येतात. किंवा टो-बारच्या दोन दांड्यांनी जोडून चारही चाकांवर ओढता येते. तिसरी रीत सर्वांत सुटसुटीत, पण ती प्रत्येक मोटारीला सोसत नाही. पुष्कळ ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद ठेवून गाडी ओढली, की चाके आतले दाते फिरवत राहतात आणि तेल मात्र फिरत नाही. काही मैलांत गिअरबॉक्स जळून जातो आणि ओढणाऱ्याला त्याची वार्ताही नसते. बहुतेक विजेच्या मोटारीही अशा ओढायच्या नसतात, कारण चाकांबरोबर त्यांची मोटर फिरते आणि वीज निर्माण करू लागते. ह्या बाबतीत शेजाऱ्याचे ऐकू नये, विक्रेत्याचेही ऐकू नये. गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत काय छापले आहे, तेवढेच प्रमाण मानावे. आमची लहान गाडी हाताने गिअर टाकण्याची होती आणि पुस्तिकेची तिला अनुमती होती. तिचे वजन सुमारे अकराशे किलो.

आता वजनाविषयी. हा भाग रूक्ष आहे, तरी सोडवत नाही. मोटारहोमवर एक पत्रक चिकटवलेले असते. पूर्ण भरलेल्या गाडीचे वजन किती असावे, प्रत्येक आसावर किती भार यावा आणि मागच्या वाहनासकट एकूण किती, हे आकडे त्यावर असतात. मागच्या हुकाची मर्यादा निराळी, टो-बारची निराळी. ह्या सर्वांत जो आकडा आधी आडवा येईल, तो पाळायचा. आम्ही निघण्यापूर्वी ट्रकांच्या थांब्यावरील काट्यावर गाडी चढवली. तिथे प्रत्येक आसाचे वजन वेगळे छापून मिळते. एकूण वजन मर्यादेत होते, पण मागच्या आसावरचा भार मर्यादेबाहेर गेला होता. साठ गॅलनांची पाण्याची टाकी भरली, की एकट्या पाण्याचेच सव्वादोनशे किलोंवर होतात, आणि आमची टाकी मागच्या बाजूला होती. त्यात आमच्या सौभाग्यवतींनी मागच्या फडताळात तांदळाचे पोते, दोन कुकर, पोळपाट आणि पितळी पातेली रचली होती. घरातले जाते तेवढे राहिले होते! पातेली घरी गेली, टाकी अर्धी रिकामी झाली, तांदूळ मात्र आला.

वजनाचा एवढा घोळ मी का घालतो, ते डेन्व्हरच्या पश्चिमेला कळते. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून मैलभर उंच. तिथून साठ मैलांत रस्ता आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत, म्हणजे ११,१५८ फुटांपर्यंत चढतो. हा बोगदा १९७३ मध्ये खुला झाला. साध्या पेट्रोल इंजिनाची शक्ती दर हजार फुटांना सुमारे तीन टक्के घटते, म्हणजे बोगद्याच्या तोंडाशी तिसरा हिस्सा शक्ती हवेतच हरवलेली असते. पण चढ नुसता कंटाळा आणतो, भय असते ते उताराचे. पलीकडे सिल्व्हरथॉर्नपर्यंत रस्ता सुमारे दोन हजार फूट उतरतो आणि ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी बाजूला खडीचे चढ बांधून ठेवले आहेत. खंडाळ्याच्या घाटात ज्यांनी जुन्या गाड्या उतरवल्या, त्यांना हे शास्त्र ठाऊक आहे: खालचा गिअर उतार लागण्यापूर्वी टाकायचा, ब्रेकवर पाय नुसता टेकवून ठेवायचा नाही, वेग वाढू लागला की नीट दाबून पाचएक मैलांनी उतरवायचा आणि ब्रेक पूर्ण सोडायचा, म्हणजे ड्रमांना निवायला वेळ मिळतो. मोटारहोमचे ब्रेक तिच्या स्वतःच्या वजनापुरते योजलेले असतात, मागच्या अकराशे किलोंचा हिशेब त्यांत धरलेला नसतो. म्हणून मागच्या मोटारीतही स्वतंत्र ब्रेक चालवणारे यंत्र बसवतात. शिवाय एक बारीक तार असते. दुर्दैवाने टो-बार तुटलाच, तर ती तार एक खिळा उपसते आणि सुटलेल्या मोटारीचे ब्रेक आपोआप लागतात. सुरक्षेचे दोन लोखंडी दोर टो-बारच्या खालून एकमेकांना छेद देऊन बांधायचे, म्हणजे निखळलेला दांडा रस्त्यात न रुतता त्या झोळीत पडतो.

हे सारे मी जावईबापूंना पहिल्या दोन दिवसांत शिकवले. ते संगणकाच्या क्षेत्रातले, नम्र, एका वेळी एकच प्रश्न विचारणारे. तिसऱ्या दिवसापासून मागची जोडणी तपासण्याचे काम मीच घेतले. ते एकदा म्हणाले, "बाबा, मीही एक नजर टाकतो." मी म्हणालो, "चौतीस वर्षे हेच केले आहे. तुम्ही पुढे बसा." ते पुढे बसले.

आयडाहो फॉल्सजवळच्या तळावर जागा किंचित उतरती होती. संध्याकाळी लहान गाडीने बाजारात जाऊन आलो आणि मीच हँडब्रेक ओढला. सकाळी टो-बार जोडला, दोर बांधले, दिवे पाहिले, गिअर न्यूट्रलमध्ये आणला, स्टिअरिंगला कुलूप बसू नये म्हणून किल्ली योग्य खाचेत ठेवली. एवढ्यात नात हाक मारू लागली, म्हणून दार लावून वर गेलो. हँडब्रेक दोन दात ओढलेलाच राहिला.

आता ह्यातले गणित ऐका. लहान गाडीच्या मागच्या चाकांवर साधारण साडेचारशे किलो भार असतो. ती दोन्ही चाके पूर्ण जाम झाली, तरी कोरड्या रस्त्यावर त्यांची ओढ तीनशे किलोंच्या आसपास. नऊ टनांच्या जोडगाडीला एवढी ओढ म्हणजे तीन टक्क्यांचा चढ. आमची चाके तर जाम नव्हती, नुसती घासत होती. उत्तरेकडे जाणारा तो रस्ता मुळातच हलका चढतो आणि त्या मैदानात समोरून वारा असतो. जावईबापू दोनदा म्हणाले की आज गाडी जड वाटते. मी वाऱ्याकडे बोट दाखवले. एक ट्रकचालक आमच्या बरोबरीने येऊन हाताने मागे मागे खुणा करू लागला. मला तो तिकडच्या लोकांचा मोकळा स्वभाव वाटला. मी हसून हात हलवला. ज्या माणसाने आपल्या हमरस्त्यांवर असल्या खुणांचा अर्थ हजार वेळा ओळखला, त्याने तिथे हात हलवला!

सुमारे पन्नास मैलांवर, डुबॉइसजवळच्या विश्रांतिस्थळी, मुलगी आधी उतरली आणि म्हणाली, "बाबा, काहीतरी जळतंय." मागच्या उजव्या चाकातून निळा धूर निघत होता. ड्रम काळानिळा पडला होता, बेअरिंगचे ग्रीस वितळून रिमवर ओघळले होते, टायरची कड मऊ झाली होती. आग लागली नव्हती. ती आणखी किती मैलांवर लागली असती, हे मी सांगू शकत नाही. मात्र त्या लहान गाडीच्या पुढे पाच-सहा फुटांवर मोठ्या गाडीची पेट्रोलची टाकी होती आणि तिच्या वर जेवणाच्या मेजाशी माझी नात पट्टा लावून चित्रे रंगवत बसली होती. आम्ही तिला आणि तिच्या आजीला दूर नेले, अग्निशामक नळकांडे हाती घेऊन उभे राहिलो आणि ड्रम आपोआप निवू दिला. तापलेल्या बिडावर पाणी ओतले तर तडा जाण्याचे भय असते.

जावईबापू एक शब्द बोलले नाहीत. पन्नास मैल वारा वारा करणाऱ्या सासऱ्याला पुन्हा काय विचारायचे, हा संकोच त्यांना सकाळपासून होता, हे मला तेव्हा उमगले. ड्रम, लायनर, बेअरिंग, टायर ह्यांत दोन दिवस आणि बरेच डॉलर गेले. पैसे मी देऊ केले. त्यांनी घेतले नाहीत. रात्री मीच त्यांना म्हणालो, "उद्यापासून मी जोडीन आणि तुम्ही तपासाल. परवा उलट. मी काहीही म्हटले तरी ऐकू नका." ते हसले आणि म्हणाले, "लिहून द्या." मी लिहून दिले.

तो कागद गाडीच्या दाराला आतून चिकटवला. त्यावर सोळा बाबी होत्या. एकाने मोठ्याने वाचायच्या, दुसऱ्याने प्रत्येक वस्तूला हात लावून उत्तर द्यायचे. नुसते पाहून नव्हे. मध्येच कुणी हाक मारली, तर पुन्हा पहिल्यापासून. शेवटची बाब अशी की निघाल्यावर शंभर फुटांवर थांबायचे, एकाने उतरून मागची चारही चाके फिरताना पाहायची. पुढे दर थांब्यावर चाकांजवळ हाताची पाठ नेऊन ऊब जोखायची. चाकांतील हवा आणि उष्णता चालकापुढे दाखवणारे यंत्रही आम्ही वाटेत विकत घेतले. ते आधी घेतले असते तर बरे झाले असते. मोटारहोमच्या टायरांविषयी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो: ते झिजण्याआधी वयाने मरतात. बाजूवर छापलेल्या शेवटच्या चार आकड्यांत घडणीचा आठवडा आणि वर्ष असते, ते वाचावे. नक्षीवर जाऊ नये.

आणखी एक-दोन गोष्टी. चारही चाकांवर जोडलेली मोटार घेऊन मागे जाता येत नाही. तिची पुढची चाके भलतीकडे वळतात आणि टो-बार वाकतो. म्हणून पेट्रोल घ्यायला वळण्यापूर्वी बाहेर पडण्याची वाट दिसली पाहिजे. आम्ही एकदा फसलो. भर उन्हात गाडी सोडवावी लागली, आणि दांडे तिरके ताणलेले असल्यामुळे खिळे निघेनात. सोडवायचे ते सपाट आणि सरळ जागी. बत्तीस फुटी गाडीचा शेपटाकडचा भाग वळताना उलट बाजूला फेकला जातो, हे बसचालकांना सांगायला नको. जावईबापूंना ते एका कचऱ्याच्या पिंपाने शिकवले.

इथेही आपण गावी जाताना बंद पडलेली गाडी दोराने ओढतो. आपल्याकडे ती जवळच्या गॅरेजपर्यंत नेण्यापुरतीच ओढायची असते. इंजिन बंद असताना मागच्या गाडीचा ब्रेक दगडासारखा कठीण होतो, स्टिअरिंग जड होते, आणि किल्ली काढली तर ते कुलूपबंद होते. मागे बसणारा माणूस अनुभवी हवा. आपण सहसा पुढे अनुभवी बसवतो आणि मागे भाच्याला. गाडी ऑटोमॅटिक असेल तर दोर काढूच नये, सपाट पाठीचा ट्रक बोलवावा.

लोगन खिंडीवर आम्ही दोन दिवस उशिरा पोहोचलो. लहान गाडी चालवायला जावईबापू होते. मी मागे, नातीजवळ. वर बर्फ होते. गाडी उभी करून त्यांनी हँडब्रेक ओढला आणि आरशातून माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "ओढला. पाहिला."

त्या सोळा बाबींच्या कागदाच्या मराठी प्रती मी आणल्या आहेत. ज्यांना हव्या असतील त्यांनी चहाच्या वेळी घ्याव्यात.