‘प्रमुख आकर्षण’ आणि साडेचारची वेळ

(नांदेड येथे संगीतरसिकांच्या एका मेळाव्यात झालेल्या भाषणाचा संपादित भाग. मेळाव्यास लातूरहूनही रसिक आले होते.)



संगीतावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. मी पत्रकार आहे, गवई नव्हे. तीस वर्षे महोत्सवांच्या बातम्या लिहिल्या आणि त्यातही बहुतेक वेळा गाणे सुरू होण्यापूर्वीच बातमी पाठवून दिली. हे पाप आरंभीच कबूल करतो. मात्र या काळात एक गोष्ट जवळून पाहिली आणि आज तिच्याविषयीच बोलणार आहे. महोत्सव होण्यापूर्वी कलावंतांची यादी जाहीर होते आणि यादी जाहीर होताच गावात एक दुसराच महोत्सव सुरू होतो. यांना का बोलावले, त्यांना का वगळले, अमुकांचे नाव मोठ्या अक्षरांत का, तमुकांचे लहान अक्षरांत का! ज्यांनी कधी सतरंजीवर बसून तासभर गाणे ऐकलेले नाही, तेही या चर्चेत हिरिरीने उतरतात. अर्थात यात वाईट काही नाही. ज्या समाजाला आपल्या गवयांविषयी भांडावेसे वाटत नाही, तो समाज त्यांना विसरलेला असतो.

पण हे भांडण नेमके कशासाठी असते?

आपल्या नांदेड-लातूर भागातले उदाहरण घेऊ. ‘संगीत महोत्सव’ हा शब्द शहरातला; आपला खरा महोत्सव म्हणजे गावोगावचा अखंड हरिनाम सप्ताह. पहाटे काकडा, दिवसा ज्ञानेश्वरीचे पारायण, सायंकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि शेवटच्या दिवशी काला. आता काल्याचे कीर्तन कोणाचे, या प्रश्नावर गावात काय होते, हे मी तुम्हांला सांगायला नको. वर्गणीची पट्टी फिरते त्याच दिवशी वाद सुरू होतो. तरुण मंडळींना मोबाइलवर गाजलेले, हसवणारे महाराज हवे असतात. जुन्या माळकऱ्यांना अभंगाचे चरण नीट सोडवणारे, परंपरेत वाढलेले कीर्तनकार हवे असतात. मोठ्या महाराजांची तारीख मिळते तेव्हा पत्रिकेवर त्यांचे छायाचित्र मध्यभागी येते. आणि ज्या गावच्या महाराजांनी वर्षानुवर्षे विनामोबदला काकडा चालवला, पोरांना पखवाज शिकवला, त्यांचे नाव खाली ‘गायनाचार्य’ या ओळीत आठ नावांच्या रांगेत दाटीने बसते.

मी अशा एका गावच्या बैठकीला होतो. दोन तास खल झाला. शेवटी एक वृद्ध टाळकरी म्हणाले, “महाराज कोणतेही आणा, पण पहिल्या दिवशी मंडपात माणसं आणणार कोण?” बैठक गप्प झाली आणि पुढच्याच क्षणी पुन्हा काल्यावर आली. त्या प्रश्नाचे उत्तर कोणी दिले नाही. मीही दिले नाही.

आता पुण्याकडे वळू. आपल्यापैकी अनेकांनी सवाई गंधर्व महोत्सवाची वारी केली आहे. १९९१ च्या सुमारास मी विद्यार्थी असताना लातूरहून रात्रीच्या एस.टी.ने, बार्शीमार्गे, अंगावर घोंगडी घेऊन पुण्याला गेलो होतो. रमणबागेच्या मैदानावर भारतीय बैठकीत तीन रात्री काढल्या. हातात कार्यक्रमाची पुस्तिका, शेजारी थर्मास घेऊन बसलेले अनोळखी काका, आणि प्रत्येक नावावर त्यांचे परखड मत! “यांचं मागच्या वर्षी जमलं नव्हतं. यंदा बघू.” हे काका म्हणजे माझी पहिली संगीतशाळा. यादीवर त्यांचा राग असे, पण तो ऐकून झालेला राग असे.

या महोत्सवाचे मूळ आज आठवण्यासारखे आहे. रामभाऊ कुंदगोळकर म्हणजे सवाई गंधर्व, हे १८८६ साली धारवाडजवळच्या कुंदगोळला जन्मले, अब्दुल करीम खाँसाहेबांकडे शिकले आणि मराठी रंगभूमीवर गाजले. १९५२ साली ते गेले. त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी १९५३ पासून गुरूंच्या स्मरणार्थ पुण्यात हा उत्सव सुरू केला. गुरू किराणा घराण्याचे, शिष्य किराणा घराण्याचा. उत्सव घराण्यापुरता ठेवला असता तर कोणी बोट दाखवले नसते. पंडितजींनी तसे केले नाही. सर्व घराण्यांचे गवई आले, वादक आले, नृत्यही आले. स्वतः सर्वांत मोठे नाव असताना त्या मंचावर त्यांनी नवोदितांना जागा दिली. स्वतः मात्र ते शेवटी गात. आणि त्यानंतरही एक गोष्ट घडते, ती मला फार मोलाची वाटते. समारोपाला सवाई गंधर्वांची ध्वनिमुद्रित भैरवी वाजवली जाते. १९५२ साली निवर्तलेल्या माणसाचा आवाज मंडपावर पसरतो. वस्तुतः त्या उत्सवाचे प्रमुख आकर्षण तेच. त्यांचे नाव मात्र कोणत्याही वर्षीच्या वादात नसते.

२४ जानेवारी २०११ रोजी पंडितजी गेले. पुढे उत्सवाच्या नावात ‘भीमसेन’ हे नाव जोडले गेले. समारोपाला डॉ. प्रभा अत्रे गाऊ लागल्या. जानेवारी २०२४ मध्ये त्याही गेल्या. त्यांच्या आधी काही दिवस उस्ताद राशिद खान गेले. साहजिकच यादीवरची चर्चा अधिक तीव्र झाली. ‘आता मोठे नाव उरले कुठे?’ असा सूर पुण्यात निघतो आणि तो वृत्तपत्रांतून आपल्याकडेही पोहोचतो.

माझे याबाबत मत थोडे वेगळे आहे. आपण नावांवर भांडत राहिलो आणि त्या गडबडीत वेळ हातातून निसटली. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक बंद; वर्षातील मोजक्या दिवशी बारापर्यंत सवलत. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने हा विषय कडक केला. नियम योग्यच आहे, मंडपाशेजारच्या रुग्णालाही झोप हवी. पण त्यामुळे रात्रभर चालणाऱ्या मैफली संपल्या. पूर्वी मध्यरात्रीनंतर बसलेल्या गवयाला घाई नसे. दरबारी, मालकंस आपापल्या प्रहरी येत; ललित, भैरव यांच्यासाठी पहाट असे. आता सवाईचे दिवस पाच झाले, पण एकेका कलावंताच्या वाट्याला तासाभराच्या आसपास वेळ येतो. चीज मांडून होते तोच पुढच्याचे नाव पुकारले जाते. तेव्हा यादीत कोण आहे यापेक्षा, जो आहे त्याला किती वेळ दिला, हा प्रश्न श्रोत्यांनी विचारायला हवा होता. तो मी एकाही पत्रात वाचला नाही, आणि मी पत्रे बरीच वाचली आहेत.

हा प्रकार काही आपल्यापुरता नाही. इंग्लंडमध्ये ग्लास्टनबरी नावाच्या गावाजवळ शेतात भरणारा प्रचंड संगीतमेळा आहे. २००८ साली तेथे जे-झी या अमेरिकन रॅप गायकाला मुख्य रात्र दिली म्हणून गदारोळ झाला. हा गिटारवाल्यांचा मेळा, येथे रॅपचे काय काम, असे एका नामांकित गायकाने जाहीर सांगितले. त्या रात्री जे-झीने गळ्यात गिटार अडकवून त्याच टीकाकाराचे गाणे म्हणत प्रवेश केला आणि मैदान जिंकले. गोष्ट गमतीची आहे. चेन्नईतली गोष्ट मात्र गमतीची नव्हती. मार्च २०२४ मध्ये म्युझिक अकादमीने टी. एम. कृष्णा यांची संगीत कलानिधी सन्मानासाठी निवड केली. हा मान ज्याला मिळतो तो डिसेंबरच्या परिषदेचा अध्यक्ष असतो. रंजनी-गायत्री या भगिनींनी परिषदेतून माघार घेतली, आणखीही काही कलावंत बाजूला झाले. कृष्णा यांची त्यागराज, पेरियार आदींविषयीची वक्तव्ये अनेकांना खटकणारी आहेत; मलाही ती पटत नाहीत. श्रद्धेपोटी कोणी मंचावर जाण्यास नकार दिला, तर तो त्याचा अधिकार आहे. परंतु त्या साऱ्या वादात, दोन्ही बाजूंनी, त्यांच्या गायनाविषयी किती शब्द खर्च झाले? ज्याच्यासाठी सभा भरते, ते गाणेच चर्चेतून बाहेर राहिले.

लातूरकरांना मी एक आठवण करून देतो. २००८-०९ साली दूरचित्रवाणीवर ‘सा रे ग म प’चा लिटिल चॅम्प्सचा कार्यक्रम चालू होता. अंतिम पाचांत आपला रोहित राऊत होता. प्रेक्षकांनी मोबाइलवरून मते पाठवायची होती. विजेती कार्तिकी गायकवाड ठरली, तेव्हा आपल्याकडे कित्येक घरांत त्या रात्री जेवण गोड लागले नाही. आपल्या गावचे पोर म्हणून जीव तुटला, हे स्वाभाविक आहे. पण त्याच लातुरात, त्याच वर्षी, गल्लीतल्या गायनवर्गाला किती पालकांनी मुले पाठवली? एका संदेशाचे पैसे देणे सोपे असते.

आता माझ्या स्वतःच्या अपराधाकडे येतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका संगीत मंडळाच्या समितीवर मी होतो. प्रसिद्धीचे काम माझ्याकडे होते. प्रायोजकाला गर्दी हवी होती. समितीत मीच आग्रह धरला की, दूरचित्रवाणीवर गाजलेल्या एका गायकाला रात्रीची मुख्य वेळ द्यावी. त्याच वर्षी ज्यांनी या परिसरात चाळीस वर्षे विद्यार्थी घडवले, असे एक ज्येष्ठ गुरुजी गाणार होते. मीही लहानपणी त्यांच्याकडे दोन वर्षे जात होतो; गळा नव्हता म्हणून सुटलो. त्यांना आम्ही दुपारी साडेचारची वेळ दिली. पत्रिकेचा मजकूर मीच लिहिला. गायकाच्या नावावर ‘प्रमुख आकर्षण’, गुरुजींच्या नावावर ‘आरंभी’.

पत्रिका छापून आली आणि निषेधाची पत्रे सुरू झाली. एका पत्रावर अकरा सह्या होत्या. भाषा जळजळीत होती, आणि खरे सांगतो, योग्य होती. मी खजील होऊन गुरुजींच्या घरी गेलो. ते तानपुऱ्याची जवारी पाहत बसले होते. मी माफी मागितली. ते म्हणाले, “अरे बाबा, साडेचारची वेळ वाईट कोण म्हणतं? मुलतानीची वेळ आहे ती. सगळ्यांना रात्र पाहिजे, मग मुलतानी ऐकवणार कोण? मला वाटलं, तुम्ही समजून दिली.”

आम्ही काहीही समजून दिली नव्हती.

त्या दिवशी गुरुजी दीड तास मुलतानी गायले. कोमल ऋषभ उतरताना असा लागत होता की तबलजीने दोनदा मान खाली घातली. मंडपात चाळीसेक माणसे होती. त्यांतली दहा ध्वनिव्यवस्थेची आणि खुर्च्या लावणारी. प्रवेशद्वारावर मी मुद्दाम उभा होतो. अकरा सह्यांपैकी दोघे आले. उरलेले नऊ रात्री आठ वाजता आले आणि पहिल्या रांगेसाठी स्वयंसेवकांशी वाद घालू लागले.

मी त्यांना दोष देत नाही. निषेधाचे पत्र लिहिणे हेही एक काम आहे, आणि माझ्यासारख्याला ते मिळायलाच हवे होते. पुढच्या वर्षी आम्ही गुरुजींना रात्रीची वेळ देऊ केली. त्यांनी पुन्हा साडेचारच मागितले. म्हणाले, “वेळ बदलू नका, माणसं आणा.” त्या वर्षी सत्तर-ऐंशी आले. त्यानंतर गुरुजींची प्रकृती ढासळली आणि ते गायले नाहीत.

गुरुजी आता नाहीत. यंदाची यादी ठरली आहे. रात्रीच्या नावावर या सभागृहातही दोन मते असणार, ती खुशाल लिहून पाठवा, समिती वाचते. गुरुजींचा एक शिष्य, हिंगोलीकडच्या खेड्यातला शिक्षक, पहिल्या दिवशी साडेचारला मुलतानी गाणार आहे. या वेळी पत्रिकेत त्याच्या नावापुढे ‘आरंभी’ हा शब्द नाही; रागाचे नाव आणि वेळ, एवढेच आहे. सतरंज्या चार वाजता अंथरल्या जातील.