एका घरातील दोन शिड्या



या व्यासपीठावर मोठमोठी विद्वान मंडळी बोलून गेली आहेत. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते मालाच्या गोदामात आणि युनियनच्या कचेरीत. तेव्हा आम्हाला कळते तेवढेच आज सांगणार आहोत. पगार किती वाढला, हे सगळेच विचारतात. तो कसा वाढतो, कोणाचा वाढतो आणि कोठे थांबतो, हे फारसे कोणी विचारीत नाही. युनियन टिकते की मोडते, ते मात्र या दुसऱ्या प्रश्नावर ठरते.

उदाहरण अमेरिकेतले घेतो, कारण तेथे चाळीस वर्षांचे करार एकापुढे एक मांडून पाहता येतात. युनायटेड पार्सल सर्व्हिस ही १९०७ साली सिअ‍ॅटल शहरात सुरू झालेली कंपनी. तिच्या तपकिरी गाड्या घरोघर पार्सले पोचवतात. कामगारांच्या युनियनचे नाव टीमस्टर्स. टीम म्हणजे गाडीला जुंपलेली जनावरे आणि ती हाकणारा तो टीमस्टर. आपल्या भाषेत गाडीवान. १९०३ साली स्थापन झालेली ही गाडीवानांची संघटना पुढे मोटार-ड्रायव्हरांची झाली. नाव तेवढे जुनेच राहिले.

या कंपनीत दोन तऱ्हेचे कामगार आहेत. गाडी घेऊन दारोदार जाणारा ड्रायव्हर पूर्णवेळ. आणि रात्री-पहाटे गोदामात पार्सले निवडून त्याच गाड्या भरणारा कामगार अर्धवेळ. त्याला दिवसाला साडेतीन तासांच्या कामाची हमी. संख्येने हे अर्धवेळ लोक निम्म्याहून जास्त. लोकांना ड्रायव्हर दिसतो; गाडी भरणारा दिसत नाही.

१९८२ च्या करारात नव्या अर्धवेळ कामगारांचा सुरुवातीचा दर ताशी ८ डॉलरवर आणला गेला. ड्रायव्हरांचा पगार पुढे वाढत राहिला. हा ८ चा आकडा १९९७ पर्यंत जागचा हलला नाही. ध्यानात घ्या, त्या करारावर युनियनचीही सही होती. जे हजर होते त्यांचे राखले आणि जे अजून यायचे होते त्यांचे सोडले. जो अजून कामावर लागलाच नाही, त्याला मत कोठून असणार?

१९९७ च्या ऑगस्टमध्ये १,८५,००० कामगार पंधरा दिवस संपावर गेले. त्या संपाचे मोठेपण हे की, ड्रायव्हर अर्धवेळ भावंडांसाठी रस्त्यावर उतरले. अर्धवेळ जागा एकत्र करून १०,००० पूर्णवेळ जागा निर्माण करण्याचे कंपनीला कबूल करावे लागले.

पण माणूस शिकलेले विसरतो. २०१८ च्या करारात ड्रायव्हरांतच एक नवी खालची श्रेणी निघाली. गाडी तीच, पार्सल तेच, पण वरची पायरी ठेंगणी. मतदानात ५४ टक्के मते विरुद्ध पडली. तरी निम्म्याहून कमी सभासदांनी मत दिले म्हणून युनियनच्या घटनेतील एका नियमाच्या आधारे करार लागू झाला! सभासद खवळले. २०२१ साली तो नियम गेला आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत नेतृत्वही बदलले.

२०२३ साली सुमारे ३,४०,००० कामगारांचा करार संपत आला, तेव्हा ९७ टक्के मते संपाची परवानगी देणारी पडली. त्यामुळे संप करावाच लागला नाही. ड्रायव्हरांची खालची श्रेणी रद्द झाली. अर्धवेळ कामगाराचा सुरुवातीचा दर साडेपंधरा डॉलरवरून २१ वर गेला. ८६ टक्के मतांनी करार मंजूर झाला. मोठा विजय, यात शंका नाही.

तरी शिडी मोजून पाहा. नवा ड्रायव्हर २३ डॉलरवर लागतो आणि चार वर्षांत वरच्या दराला पोचतो. तो दर कराराच्या अखेरीस, म्हणजे २०२८ मध्ये, सरासरी ४९ डॉलर ठरला आहे. नवा अर्धवेळ कामगार २१ वर लागतो आणि चार वर्षांनी २३ वर पोचतो. करारापूर्वी लागलेल्या अर्धवेळ कामगाराला मात्र पाच वर्षांत साडेसात डॉलरची वाढ. म्हणजे फट बुजली नाही, जागा बदलून बसली. ज्येष्ठतेने ड्रायव्हरच्या जागेवर जाण्याची वाट कराराने ठेवली आहे. पण जागा असतील तरच ती वाट. २०२५ साली कंपनीने २०,००० जागा कमी करण्याचे जाहीर केले.

दुसऱ्याच्या घरातले दोष सांगणे सोपे. आता आमचा सांगतो. वीस वर्षांपूर्वी एका कंपनीच्या गोदामात आम्हीही असाच करार केला. जुन्यांना चांगली वाढ, पुढे लागणाऱ्यांना वेगळी, कमी श्रेणी. त्या दिवशी आम्हाला हार घातले गेले. सात वर्षांत नव्यांची संख्या जुन्यांच्या वर गेली. मग एका जुन्या कामगाराला काढले आणि आम्ही संपाची हाक दिली. फाटकाशी एक तरुण थांबला व म्हणाला, "दादा, आमचा पगार तुमच्याच सहीनं कमी झाला. आता सोबत कुठल्या तोंडानं मागता?" तो आत गेला. त्याच्यामागून बाकीचे गेले. आमच्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही.

आपल्या दारी पार्सल आणणाऱ्या पोरांना तर शिडीच नाही. फेरीगणिक पैसे, पहिल्या दिवशी जो दर, तोच पाचव्या वर्षी, कधी त्याहून कमी. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने त्यांची नावानिशी दखल घेतली, पण वेतनश्रेणी दिली नाही. हे अशक्य आहे, असे कोणी म्हणू नये. ज्या हमालाला एक मालक नव्हता, त्याच्यासाठी याच महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला आणि मंडळे उभारली.

तेव्हा मागणे एवढेच. युनियनवाल्यांनी पुढचा करार करताना, जो अजून कामावर लागलेला नाही त्याच्यासाठी एक खुर्ची रिकामी ठेवावी आणि सही करण्यापूर्वी तिच्याकडे एकदा पाहावे. आणि आपण, घरी पार्सल आले की पाणी विचारताच, त्याबरोबर हेही विचारा, "बाबा, गेल्या वर्षापेक्षा यंदा किती मिळतात?"