एलईडी बल्ब टाकला, तरी लांबचं का दिसत नाही?

आज एकच प्रश्न घेतोय, पण तो तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा असणार.

अकलूजहून एका श्रोत्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी मेसेज पाठवलाय. म्हणतात, "गाडी २०१४ ची, साधे हॅलोजन बल्ब आहेत. आठवड्यातून एकदा पुण्याला जाणं होतं आणि परत यायला रात्रच होते. इंदापूरपर्यंत हायवे आहे, मध्ये दुभाजक आहे, तोवर काही वाटत नाही. पण इंदापूर सोडलं की समोरच्या गाड्यांचा उजेड डोळ्यांवर येतो आणि आपल्या गाडीचा उजेड कुठं जातो तेच कळत नाही. त्यात आता कारखाने सुरू झालेत. दुकानदार म्हणतो एलईडी टाका, दहा मिनिटांचं काम आहे. टाकू का?"

छोटं उत्तर: दादा, एवढ्यात नको. मोठं उत्तर म्हणजे आजचा भाग.

कारखाने सुरू झालेत, हे ते सहज बोलून गेले, पण सगळा मुद्दा तिथंच आहे. उसाची ट्रॉली, मागं लाईट नाही, असली तरी उसाच्या वाढ्यांखाली झाकलेली. रंग मातकट. अशी ट्रॉली रस्त्यात उभी आहे किंवा ताशी पंधराच्या वेगानं चाललीय. आता हिशोब करू. तुम्ही ताशी ८० नं चाललाय, म्हणजे एका सेकंदात २२ मीटर. ट्रॉली दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा, झाले ३३ मीटर. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरवर गाडी थांबायला आणखी पस्तीस-चाळीस मीटर. सगळे मिळून सत्तरच्या आसपास. आणि डिपरवर, म्हणजे लो बीमवर, जुन्या हॅलोजनमध्ये असली काळपट वस्तू पन्नास मीटरवर नीट दिसली तरी खूप झालं.

म्हणजे आपल्याला हवेत ते पुढचे वीस-तीस मीटर. उजेड लांब, रस्त्याच्या पातळीला हवाय. बंपरसमोरचा रस्ता दिवसासारखा उजळून काही उपयोग नाही. हे डोक्यात ठेवा, कारण बाजारात जे विकलं जातं ते नेमकं उलटं आहे.

आता हॅलोजन काम कसं करतो ते बघा. तुमच्या गाडीत बहुतेक एच-४ बल्ब असणार, ६०/५५ वॅटचा. त्यात दोन तारा असतात, एक अप्परची आणि एक डिपरची. डिपरच्या तारेखाली पत्र्याची एक छोटी वाटी असते. त्या वाटीमुळे उजेड फक्त रिफ्लेक्टरच्या वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तिथून खाली, रस्त्यावर जातो. भिंतीवर हेडलाईट मारला की वर अंधार आणि खाली उजेड अशी जी रेघ दिसते, ती या वाटीची करामत. त्या रेघेच्या लगेच खाली उजेड सगळ्यात दाट असतो आणि तोच लांब पोचतो. रिफ्लेक्टरचा प्रत्येक कोपरा हे गृहीत धरून घडवलेला असतो की तार बरोब्बर या जागी आहे, एवढीच बारीक आहे आणि चहूबाजूंनी पेटतेय.

त्या जागी एलईडी बल्ब आला की काय होतं? त्यात तार नसते. एका पट्टीच्या दोन बाजूंना चिप चिकटवलेल्या असतात आणि मध्ये पट्टीची जाडी. उजेड दोन बाजूंनाच जातो. चांगल्या कंपन्या पट्टी शक्य तेवढी पातळ करतात, चिप तारेच्या जागी आणतात, वाटीची नक्कलही करतात. स्वस्त बल्बात यातलं काही नसतं. मिलीमीटरभराचा फरक पडला तरी रिफ्लेक्टर त्याचा लांबवर मोठा गोंधळ करून ठेवतो. वरची रेघ पुसट होते. थोडा उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो, थोडा झाडांच्या शेंड्यांवर, आणि बराचसा तुमच्या नाकासमोर दहा-पंधरा मीटरवर सांडतो.

आणि फसगत इथंच होते. बल्ब बदलल्यावर पहिल्या रात्री माणूस खूश असतो, पुढचा रस्ता पांढराशुभ्र दिसत असतो. पण जवळचं एवढं झगझगीत झालं की डोळ्याची बाहुली आक्रसते आणि लांबचा अंधार आणखी काळा होतो. ट्रॉली त्या अंधारात असते. वर जास्त दिसतंय या समजुतीनं आपण वेगही वाढवलेला असतो.

खोक्यावर छापलेलं असतं २०,००० ल्युमेन. एच-४ हॅलोजनचा डिपर साधारण १००० ल्युमेनचा, अप्पर १६५० चा. एलईडी बल्ब खरोखर पंचवीस-तीस वॅट खात असेल, तर वॅटमागं शंभर ल्युमेन धरूनही तीन हजारांच्या पुढं जात नाही. वीस हजार कुठून आणले ते छापणाऱ्यालाच माहीत. शिवाय एलईडीची उष्णता पुढून जात नाही, मागून काढावी लागते. म्हणून मागं छोटा पंखा किंवा जाडजूड हीट सिंक असतो, मग हेडलाईटची मागची रबर कॅप बसत नाही, ती कापली जाते किंवा काढूनच ठेवतात. पहिल्या पावसात आत पाणी, दमट वाफ, आणि वर्षभरात रिफ्लेक्टरची चकाकी गेली. हे गॅरेजमध्ये रोज दिसतं.

मग अकलूजच्या दादांनी करायचं काय?

आधी हेडलाईटची काच बघा. काच म्हणतो आपण, पण ती पॉलिकार्बोनेटची असते आणि दहा-बारा वर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीची पिवळट होतेच. त्यातून कुठलाही बल्ब लावा, उजेड धुरकट आणि विखुरलेलाच येणार. टूथपेस्ट लावून घासायचे व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेत. त्यानं चार दिवस चमकते. कंपनीचा अतिनील किरण अडवणारा थर उडून गेलेला असतो, म्हणून पॉलिश करून वर पुन्हा तसला थर मारून घ्या, नाहीतर काही महिन्यांत परत तेच. आतूनच खराब झाली असेल तर अख्खं हेडलाईट बदला, मूळ कंपनीचं. ते महाग पडतं हे मान्य, पण या यादीत सगळ्यात जास्त फरक पाडणारा खर्च तोच आहे.

दुसरं, व्होल्टेज. याकडे कोणी बघतच नाही. इंजिन चालू, लाईट चालू ठेवून बॅटरीवर मल्टिमीटर लावा, मग बल्बच्या होल्डरवर लावा. बॅटरीवर १४ आणि होल्डरवर साडेबारा दिसलं तर मधल्या वायरी आणि स्विच दीड व्होल्ट खातायत. फार वाटत नाही ना? पण हॅलोजनचं गणित विचित्र आहे. व्होल्टेज १० टक्के घटलं तर उजेड जवळजवळ ३० टक्के घटतो. चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन गाठा, रिलेची वेगळी वायरिंग टाकून घ्या, बॅटरीतून थेट बल्बला. आहे तोच ६०/५५ चा बल्ब नव्यासारखा पेटतो. बल्ब जुना असेल तर तोही बदला, दोन्ही बाजूंचे एकदम. १००/९० वॅटचे बल्ब मात्र नको. होल्डर वितळतो, रिफ्लेक्टर करपतो, आणि समोरच्याला त्रास होतो तो वेगळाच.

तिसरं, फोकस. सपाट जागा, टायरमध्ये हवा बरोबर, ड्रायव्हरच्या जागी कोणीतरी बसलेलं. भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करा. बल्बच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर तेवढीच खूण करा. डिपरची रेघ त्या खुणेच्या दहा-बारा सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. आपण डावीकडून चालतो, म्हणून रेघ डाव्या हाताला थोडी वर चढते, ती रस्त्याच्या कडेची माणसं आणि सायकली दिसाव्यात यासाठी. रेघ फार खाली असेल तर तुमचेच वीस मीटर वाया चाललेत, वर असेल तर समोरचा तुम्हाला शिव्या देतोय.

आणि स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला ० ते ३ आकड्यांची एक चकती असते बघा, बऱ्याच गाड्यांत. कधी हात लागत नाही तिला. मागं तीन माणसं आणि डिकीत सामान भरलं की गाडीचं नाक वर होतं, उजेडही वर जातो. ती चकती त्यासाठीच आहे, फिरवून उजेड खाली आणायचा. एकटे असाल तर शून्यावर.

एवढं करूनही पुरत नसेल, तर मग एलईडी. पण बल्ब नव्हे, प्रोजेक्टर. त्यात स्वतःची भिंग आणि स्वतःची पत्र्याची आड असते, त्यामुळे रेघ स्वच्छ येते. हेडलाईट उघडून बसवावा लागतो, नीट सील करावा लागतो, सरळ लावावा लागतो. हे काम रोज करणाऱ्याकडेच द्या. तुमच्याच गाडीचं वरचं मॉडेल कंपनीच्या एलईडी हेडलाईटसह येत असेल आणि ते जुळत असेल, तर आणखी उत्तम.

कायद्याचंही सांगतो, कारण दुकानदार सांगणार नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत बदल करायला मनाई करतं. अपघात झाला तर विम्याच्या वेळी हा विषय निघू शकतो. जर्मनीत २०२० साली पहिल्यांदा हॅलोजनच्या जागी घालायच्या एलईडी बल्बला रस्त्यावर परवानगी मिळाली, आणि तीही ठरावीक गाड्यांच्या ठरावीक हेडलाईटमध्ये तपासून. यादीत गाडी नसेल तर नाही म्हणजे नाही. म्हणजे बघा, बल्ब चांगला की वाईट हा अर्धाच प्रश्न, तो कुठल्या रिफ्लेक्टरमध्ये बसतोय हा उरलेला अर्धा.

रंगाबद्दल नेहमी विचारतात. ६००० केल्व्हिनचा निळसर पांढरा की पिवळा? निळसर उजेड समोरच्याला जास्त खुपतो, एवढं नक्की. ओल्या डांबरावर उजेड आरशासारखा पुढं निघून जातो, तिथं कुठलाही रंग कमीच पडतो. धुक्यात पिवळा जादू करतो असं म्हणतात, पण आंबोलीच्या धुक्यात खरं काम फॉग लॅम्प खाली आणि रुंद लावल्यानं होतं. अप्पर तिथं कुठल्याच रंगाचा लावू नका, समोर पांढरी भिंत उभी राहते.

दुभाजक नसलेल्या रस्त्यावर समोरून गाडी येताना आपण डिपर द्यायचा, नजर रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर ठेवायची, त्या उजेडात बघायचं नाही. तरी दोन-तीन सेकंद डोळा आंधळा राहतोच, म्हणजे ८० वर पंचेचाळीस ते पासष्ट मीटर. वय वाढेल तसा हा वेळ वाढतो. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर समोरचा प्रत्येक दिवा फुटून तारा झालेला दिसतो. पन्नाशी ओलांडली असेल तर बल्बाच्या आधी डोळे तपासून घ्या. आणि इंदापूरच्या पुढं वेग साठवर आणा. साठला तोच हिशोब पंचेचाळीस-पन्नास मीटरवर येतो, म्हणजे तुमच्या आत्ताच्या डिपरच्या टप्प्यात.

जाता जाता ते दादा म्हणाले, "आमचाही ऊस जातो कारखान्याला." मग एक काम लगेच होण्यासारखं आहे. लाल परावर्तक टेप आणा, ट्रॉलीच्या मागच्या फळीला आडवी, दोन्ही कोपऱ्यांना उभी लावा. आधी पत्रा घासून, चिंधीनं कोरडा करा, चिखलावर टेप चिकटत नाही. आणि मोळ्या भरल्या की फळी झाकली जाते, म्हणून एका गोणपाटावर टेप शिवून ते सगळ्यात शेवटी, उसाच्या मागं, दोरीनं बांधून सोडा.

पुढच्या भागात टायरच्या तारखा कशा वाचायच्या ते बघू.