संताच्या सेवकाचे नाव
(ज्युबिलीच्या सभेत केलेले भाषण)



ज्युबिलीनिमित्त आपल्या धर्मग्रामाच्या बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवह्या चाळीत असता आम्हांस एका दूरदेशीच्या आडनावाचे स्मरण झाले. आयर्लंडच्या केरी परगण्यातील ‘मॅकगिलिकडी’ हे ते विरळ आडनाव होय.

‘मॅक’ म्हणजे पुत्र, ‘गिल्ला’ म्हणजे सेवक, आणि ज्यांचा सेवक ते संत मोखुदा. मूळ नाव कार्थाख. मोखुदा हे त्यांचे लाडके नाव, आणि त्यातील ‘मो’ म्हणजे ‘माझा’. राहन येथील मठातून शिष्यांसह घालवून दिले गेल्यावर त्यांनी लिसमोर येथे नवा मठ स्थापिला व इ. स. ६३७ मध्ये देह ठेविला. तो मठ पुढे विद्येचे माहेरघर ठरला.

संताचे नाव जसेच्या तसे घेण्यास संकोचून आयरिश मातापिता बालकास त्या संताचा ‘सेवक’ म्हणत. ओसलिव्हान कुळातील एका पुरुषास असेच नाव मिळाले. त्याच्या वंशजांची शाखा त्याच नावाने ओळखली जाऊ लागली. इतकेच नव्हे, तर आयर्लंडचे सर्वांत उंच शिखर ज्या पर्वतरांगेत आहे, तीही याच घराण्याचे नाव धारण करते.

१८४५ साली सुरू झालेल्या भीषण दुष्काळात व त्यानंतर असंख्य आयरिश कुटुंबे अमेरिकेस गेली, आणि हे नावही समुद्रापार पसरले. अशा स्थलांतरितांच्या पोटी १८६२ साली मॅसॅच्युसेट्स प्रांतात कॉर्नेलियस मॅकगिलिकडी जन्मले. १९०१ पासून १९५० पर्यंत ते फिलाडेल्फियाच्या बेसबॉल संघाचे सूत्रधार होते. परंतु जगाने त्यांस ‘कॉनी मॅक’ म्हणूनच ओळखले. सेवक गळाला, संत गळाला. उरला केवळ ‘पुत्र’!

यात त्यांचा दोष तो काय? नाव आखूड करणे हा प्रेमाचाही रिवाज आहे. मोखुदा हेच मुळी लाडाचे नाव नव्हे काय? हानी होते ती अर्थ विसरल्याने.

आपणही घरोघरी लेकरांची नावे आखूड करून हाक मारतो. खुशाल मारावी. परंतु नोंदवहीत ते नाव पूर्ण लिहिलेले आहे. बाप्तिस्म्याच्या दिवशी आपल्या लेकरास कोणत्या संताच्या हाती सोपविले, हे आज रात्री प्रत्येक मातेने व पित्याने त्यास सांगावे. ज्युबिलीची याहून मोठी भेट आम्हांस नको.