पट्टे मारण्याआधी



वाराणसीत मणिकर्णिका घाटाकडून उत्तरेला, पंचगंगा घाटाच्या दिशेनं काठाकाठानं निघालं की शिंद्यांचा घाट लागतो. मग संकठा घाट, गंगामहाल आणि त्याच्या पुढे भोसले घाट. नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला. पक्क्या दगडी बांधकामाचं साल १७९५ सांगितलं जातं. वर उंच, जाडजूड दगडी भिंत, तिच्यात पार वरच्या बाजूला लहान लहान खिडक्या, आणि खाली पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. लक्ष्मीनारायणाचं मंदिरही इथलंच. विदर्भातून काशीला गेलेला माणूस या पायऱ्यांवर आला की घटकाभर टेकतोच. आपल्या राजाचा घाट म्हटल्यावर तेवढा हक्क वाटायचाच.

आता तुम्ही म्हणाल, आजचा विषय तर पार्किंगचे पट्टे, दुकानांच्या आवारात गाड्या लावण्यासाठी मारतात ते. आणि घाटावर तर चाक येतच नाही! खरं आहे. गाडी अडते ती बरीच अलीकडे. गोदौलियाला दुचाक्यांसाठी बहुमजली पार्किंग झालं ते २०२१ च्या जुलैत, बेनियाबागेत जमिनीखाली मोटारी लावायची सोय झाली. यात्रेकरूंची बस तर शहराच्या आतल्या भागात येतच नाही. पुढे ई-रिक्षा, मग गल्ली, मग पायऱ्या. म्हणजे जुन्या काशीत गाडी लांब राहते आणि माणूस आत जातो.

घाटावर गाडी नसली तरी जागा वाटून घ्यावीच लागते, पण तिची भांडणं फारशी दिसत नाहीत. नाव कुठे बांधायची, घाटियाचं, म्हणजे घाटावरच्या पुरोहिताचं, तख्त आणि छत्री कुठे, पूजा सांगणारा कुठे बसणार, सगळं ठरलेलं. रेघ कुठेच मारलेली नाही. मारली असती तरी टिकली नसती. वाराणसीत गंगेची धोक्याची पातळी ७१.२६ मीटर, १९७८ च्या पुरात पाणी ७३.९० मीटरपर्यंत चढलं होतं. दर पावसाळ्यानंतर पायऱ्यांवर गाळ साचतो, तो पंपाच्या पाण्यानं धुवून काढावा लागतो. असल्या ठिकाणी रंग काय टिकणार? पण तिथे रंगाची गरजही नाही, कारण माणसं एकमेकांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखतात. कुणाची नाव कुठली, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

रेघ लागते ती अनोळखी माणसांना. आणि ज्या भोसल्यांनी हा घाट बांधला, त्यांच्याच नागपुरात बघा. मनीषनगर, बेसा, बेलतरोडी, हुडकेश्वर, वर्धा रोडच्या दोन्ही बाजू. शेतांचे ले-आउट झाले, ले-आउटमध्ये घरं आली, आणि घरांमागून कॉम्प्लेक्स. खाली गाळे, वर दवाखाना, त्याच्यावर कोचिंग क्लास, कुठे जिम. संध्याकाळी त्या आवारात येणाऱ्यांपैकी कोणी कोणाला ओळखत नाही. प्रत्येकाला दोन मिनिटांचं काम असतं, आणि प्रत्येकाची गाडी दाराशीच हवी असते. अशा वेळी जमिनीवरची रेघच काय ते बोलते. वॉचमननं सांगितलं तर भांडण होतं. रेघेशी सहसा कोणी भांडत नाही. पण ती रेघ बरोबर हवी.

रस्त्यावरच्या रेघेची एक गमतीची कथा सांगतात. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एडवर्ड हाइन्स नावाचे रस्तेखात्याचे अधिकारी होते. पुढे चाललेल्या दुधाच्या गाडीतून दूध ठिबकत होतं, त्याची पांढरी रेघ रस्त्यावर उमटत गेली, आणि त्यावरून त्यांना रस्त्याच्या मधोमध पट्टा मारायची कल्पना सुचली. कथेतल्या दुधात पाणी किती ते सोडून देऊ. १९११ साली त्यांच्या वेन परगण्यात असा पट्टा मारला गेला, एवढं नक्की.

आपल्याकडे आवारातला पट्टा कसा मारला जातो? इमारत पूर्ण होते, गाळे विकले जातात, उद्घाटनाची पत्रिका छापून येते, आणि मग कुणाला तरी आठवतं, अरे, पार्किंगचे पट्टे राहिले! पेंटर येतो, डबा, ब्रश, सुतळी घेऊन. एका भिंतीपासून सुरुवात करतो आणि रंग किंवा जागा संपेपर्यंत मारत जातो. एखादा खांब नेमका गाडीच्या दारासमोर येतो, एखादा कप्पा रॅम्पच्या तोंडाशी. पेंटरचा यात दोष नाही. त्याला कोणी नकाशा दिलेलाच नसतो.

थोडा हिशेब करू. तो रेडिओवरही समजेल इतका सोपा आहे. एका मोटारीला अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा धरतात. गाड्या भिंतीला काटकोनात, समोरासमोर दोन रांगांत लावायच्या, तर पाच आणि पाच दहा मीटर गाड्यांचे, आणि मध्ये वळायला सहा मीटर. एकूण सोळा. तुमचं आवार सोळा मीटर रुंद असेल तर प्रश्नच नाही. पण समजा ते पंधराच मीटर आहे. मालक म्हणतो, एका मीटरनं काय होतंय, मारा सरळ! होतं असं की मध्ये पाचच मीटर उरतात, मोठी गाडी एका दमात बाहेर निघत नाही. पुढे, मागे, पुन्हा पुढे. तोवर मागे चार हॉर्न सुरू झालेले असतात.

अशा जागी पट्टे तिरपे मारावेत, पंचेचाळीस अंशांत. तिरप्या गाडीची रांग सुमारे पाच मीटर तीस सेंटिमीटर खोल होते. दोन्ही रांगा वजा केल्या तर मध्ये जवळपास चार मीटर चाळीस सेंटिमीटर राहतात, आणि एकेरी वाहतुकीला ते पुरतात. म्हणजे एका तोंडानं आत, दुसऱ्या तोंडानं बाहेर, आणि जमिनीवर बाण. किंमत मोजावी लागते ती संख्येत. पंचवीस मीटर भिंतीला सरळ दहा गाड्या लागतात, तिरप्या सहाच. हे ऐकल्यावर मालकाचा चेहरा पडतो, चार जागा गेल्या म्हणून. माझं म्हणणं असं, की त्या चार जागा कागदावरच होत्या. ज्या जागेतून गाडी निघत नाही, तिथे लोक गाडी लावत नाहीत. ती बाहेर रस्त्यावर लावतात, आणि मग गाळेधारकच रस्त्यावरच्या गर्दीची तक्रार करतात.

आणि मोटारींचंच काय घेऊन बसलोय? आपल्या उपनगरांत चाकं मुख्यतः दुचाक्यांची. एका दुचाकीला एक मीटर बाय दोन मीटर पुरतं, म्हणजे मोटारीच्या एका कप्प्यात पाच दुचाक्या बसतात. कोचिंग क्लास असलेल्या इमारतीत आधी दुचाक्यांची जागा आखावी, उरेल ती मोटारींना द्यावी. पण आपण करतो उलट. मोटारींना नीट कप्पे, आणि कोपऱ्यात एक मोठा चौकोन काढून त्यात लिहायचं ‘दुचाकी’. त्या चौकोनात स्कूटर स्कूटरला भिडते, आणि सर्वांत आधी आलेल्या पोराची गाडी सर्वांत आत अडकते. मग तो बिचारा एकेक गाडी उचलून सरकवत बसतो. चौकोनाच्या आत दर मीटरवर एक आडवी रेघ मारली असती तर हे टळलं असतं. रंग लागला असता वाटीभर.

आता प्रत्यक्ष काम. कबड्डीच्या मैदानावर टाकतो ती फक्की घ्यावी, आणि सगळी आखणी आधी फक्कीनं करावी. सूत ताणावं, काटकोन गवंडी काढतात तसाच काढावा, तीन, चार, पाचच्या मापानं. मग एक मोठी गाडी बोलवावी, त्या फक्कीच्या कप्प्यांत लावून बघावी, दारं उघडून बघावीत, काढून बघावी. चूक निघाली तर फक्की झाडूनं पुसली जाते. रंग तसा पुसला जात नाही; वर काळा रंग फासून झाकावा लागतो, आणि पहिल्या पावसानंतर जुनी आणि नवी अशा दोन्ही रेघा दिसू लागतात. मग गाडीवाल्यानं मानायची कोणती?

जमीन झाडून, धुवून, पूर्ण वाळलेली हवी. इंजिनाचं तेल सांडलेल्या डागावर रंग धरत नाही, पापुद्रा निघतो; तो डाग आधी घासून काढायला हवा. साधा रंग स्वस्त पडतो, अर्ध्या तासात सुकतो आणि चाकांखाली लवकर झिजतो. रस्त्यावर जाड, उठलेला पट्टा दिसतो तो थर्मोप्लास्टिकचा. पोत्यातून येणारी भुकटी गॅसवरच्या टाकीत सुमारे १८० ते २०० अंशांवर वितळवतात, आणि तळाला फट असलेल्या पेटीतून जमिनीवर ओढत नेतात. जाडी साधारण अडीच मिलिमीटर. पट्टा ओला असतानाच वर काचेचे बारीक मणी शिंपडतात. गाडीच्या दिव्याचा प्रकाश या मण्यांतून परत चालकाकडे येतो, म्हणून रात्री पट्टा उजळलेला दिसतो. डांबरावर हा माल छान बसतो. काँक्रीटवर आधी प्रायमरचा हात द्यावा लागतो. पेव्हर ब्लॉकवर मात्र त्याच्या नादी लागू नये. ब्लॉक हलतात, सांध्यांवर पट्टा तडकतो. तिथे ब्लॉक बसवतानाच पट्ट्याच्या जागी वेगळ्या रंगाचे ब्लॉक बसवून घ्यावेत. दर दोन वर्षांनी रंगाऱ्याला बोलवायचं कामच राहत नाही. पण ते बांधकाम चालू असतानाच ठरवायला हवं, आणि इथेच आपलं घोडं अडतं.

एका गोष्टीवर मला जरा कडक बोलायचं आहे. अपंग व्यक्तींसाठीची जागा. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक नियमांत ती ३.६ मीटर रुंद आणि दारापासून ३० मीटरच्या आत असावी असं म्हटलं आहे. ३.६ मीटर का? कारण दार पूर्ण उघडून, शेजारी चाकाची खुर्ची उभी करून, माणसाला तिच्यात सरकायचं असतं. आपण काय करतो, नेहमीच्या अडीच मीटरच्या कप्प्यात निळा रंग देऊन खुर्चीचं चित्र काढतो. पुष्कळ ठिकाणी त्या चित्रावर जनरेटर ठेवलेला असतो. अशा चित्राला सोय म्हणता येणार नाही. कागदोपत्री पूर्तता तेवढी होते.

गाडीतून उतरलेला माणूस दुकानात चालतच जातो, पण त्याच्यासाठी एकही रेघ नसते. आजी नातवाचा हात धरून दोन गाड्यांच्या मागून निघतात, आणि मागची गाडी रिव्हर्समध्ये येत असते. कप्प्यांपासून जिन्यापर्यंत सव्वा मीटरची पांढरी आडव्या पट्ट्यांची वाट काढायला किती खर्च येतो? आणि अग्निशामक गाडीचा रस्ता पिवळ्या तिरप्या रेघांनी मोकळा राखायला?

दसरा झाला, जमीन वाळली की पट्टे मारायचे दिवस सुरू होतात. गाळेधारकांनो, सोसायटीच्या सेक्रेटरींनो, ठेकेदाराला दर विचारण्याआधी आवाराची रुंदी टेपनं स्वतः मोजा. खांबांसकट नकाशा काढून घ्या. दुचाकीवाले, चालणारे आणि खुर्चीवरून येणारे यांची जागा त्यावर आधी टाका, मोटारींची नंतर. आणि फक्कीवर गाडी लावून बघितल्याशिवाय रंगाचा डबा उघडू देऊ नका.