इतिहासाच्या वर्गाची परीक्षा

(हिर्डोशी येथे हितचिंतकांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



तुम्ही ज्या मुलांच्या शिक्षणाला हातभार लावता, त्यांतली बरीचशी बारावीनंतर कला शाखेला जातात आणि इतिहास घेतात. प्रयोगशाळेचा खर्च नाही, पुस्तकं मराठीत मिळतात, स्पर्धा परीक्षेला विषय उपयोगी पडतो. म्हणून छोट्या महाविद्यालयात इतिहास कसा शिकवला जातो, हा आपल्याही काळजीचा प्रश्न आहे.

मी आयुष्यभर इतिहासच शिकवला. निवृत्तीनंतर डोंगरी भागातल्या एका छोट्या महाविद्यालयाने आपला इतिहास विभाग पाहून जायला मला बोलावलं. विद्यार्थी कमी म्हणून विषय बंद करावा की चालू ठेवावा, असा त्यांच्यापुढे पेच होता. तिथे काय पाहिलं आणि काय सुचवलं, तेवढंच सांगतो.

महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी नॅक ही संस्था १९९४ साली सुरू झाली. कागदपत्रं नीट ठेवायची शिस्त तिच्यामुळे लागली, हे चांगलंच झालं. या विभागाच्याही फायली चोख होत्या. निकाल, हजेरी, सहलींचे फोटो, जयंत्यांचे अहवाल, सगळं जागच्या जागी. शिक्षक मात्र दोनच, तेही तासिका तत्त्वावर. मी तिसऱ्या वर्षाच्या मुलांपुढे एका जुन्या पत्राची छापील प्रत ठेवली आणि विचारलं, "हे कोणी लिहिलं? कशासाठी? यातलं काय खरं मानाल आणि काय तपासून घ्याल?" वर्ग गप्प. मुलं हुशार होती. फ्रेंच राज्यक्रांतीची कारणं त्यांना ओळीने पाठ होती. पण असा प्रश्न तीन वर्षांत त्यांना कोणी विचारला नव्हता.

म्हणून माझी पहिली सूचना अशी होती: हीच चाचणी प्रवेश घेताना घ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या शेवटी पुन्हा घ्या. दोन्ही उत्तरं शेजारी ठेवा. विभागाने मुलाला काय दिलं, ते निकालाच्या टक्क्यांपेक्षा त्यात जास्त दिसेल.

दुसरी सूचना, जवळच्या इतिहासाला हात घाला. अभ्यासक्रम विद्यापीठ ठरवतं हे खरं, पण प्रकल्प आणि अंतर्गत गुण महाविद्यालयाच्या हातात असतात. आपलंच हिरडस मावळ घ्या. १६६० साली बाजीप्रभूंबरोबर लढलेले बांदलांचे मावळे इथले. याच भोर तालुक्यात कारीच्या जेधे घराण्याने जपलेली शकावली लोकमान्य टिळकांनी प्रसिद्ध केली आणि शिवरायांच्या जन्मतिथीच्या चर्चेला नवा आधार मिळाला. एका घरात राहिलेल्या कागदाची ही किंमत! नीरा-देवघर धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांची हकिगत अजून सांगायला माणसं आहेत. खैरापासून कात काढणारे ते कातकरी. जंगल राखीव झाल्यावर तो धंदा कसा सुटला, वस्त्या कुठून कुठे हलल्या, हे वस्तीवरच्या म्हाताऱ्या माणसांनी आपल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेलं असतं. ते लिहून घेणं आणि पडताळून पाहणं, हाही इतिहासच.

तिसरी सूचना मोडी लिपीची. तिचा संबंध थेट भाकरीशी आहे. अनुसूचित जमातीच्या मुलाला राखीव जागेवर प्रवेश किंवा नोकरी हवी असेल, तर जमातीचा दाखला पडताळून घ्यावा लागतो. तिथे ६ सप्टेंबर १९५० च्या आधीच्या नोंदीला फार वजन असतं. आजोबा-पणजोबांचं नाव शाळेच्या जुन्या रजिस्टरमध्ये किंवा जन्ममृत्यूच्या नोंदीत असू शकतं. हा मुलूख १९४८ पर्यंत भोर संस्थानात होता आणि त्या काळातला पुष्कळसा कागद मोडीत आहे. घरात मोडी वाचणारं कोणी नाही, मग कागद समोर असूनही तो मुका राहतो. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं. पदवी घेऊन निघणाऱ्या प्रत्येक मुलाला अशी एक नोंद वाचता आली पाहिजे. ज्या कातकरी कुटुंबांतले आजोबा शाळेतच गेले नाहीत, त्यांच्याकडे नोंदच नसते. तिथे वंशावळ आणि चालीरीती काळजीपूर्वक टिपून ठेवाव्या लागतात. एक मात्र मी बजावून सांगितलं. जे सापडेल तेच लिहायचं. सोयीची नोंद रचली, तर खऱ्या आदिवासी मुलाचीच जागा जाते.

विषय बंद करायचा की नाही, हे अजून ठरायचं आहे. माझं मत मी लेखी दिलं: बंद करू नका, शिकवायची रीत बदला.

यात तुम्हाला करण्यासारखी दोन कामं आहेत. पुण्याच्या पुराभिलेखागारात जाण्यायेण्याचं एसटीचं भाडं आणि मोडी वर्गाची फी, एवढ्यावरही मुलाचं काम अडतं. तो भार उचला. आणि आपल्या मंडळ्यांची कपाटं उघडा. बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या जुन्या नोंदवह्या, मिशनच्या शाळांची रजिस्टरं, १८४२ पासून निघणाऱ्या 'ज्ञानोदय'चे जुने अंक, जे असेल ते वाळवीपासून वाचवा आणि या मुलांना बघू द्या. एखाद्या मुलाच्या पणजोबांचं नाव कदाचित तुमच्याच कपाटात असेल.